फाशीची कोठडी, उपदेश आणि गाव

१

‘फाशी द्या’ हे दोन शब्द आपल्या मोर्चांच्या फलकांवर गेली कित्येक वर्षे आहेत. खैरलांजीनंतर ते होते, सोनईनंतर होते, खर्ड्यानंतरही होते. ते लिहिताना आपला हात कधी अडखळला नाही. अडखळावा अशी परिस्थितीही नव्हती. ज्यांची माणसे मारली गेली आणि मारणारे गावात उजळ माथ्याने फिरत राहिले, त्यांनी संयमाची भाषा बोलावी ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. परंतु घोषणा देणे आणि विचार करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. घोषणा रस्त्यावर द्यायची असते. तिची तपासणी अशा नियतकालिकाच्या पानांवरच व्हायला हवी. त्या तपासणीसाठी मी एका चित्रपटाचा आधार घेत आहे.

‘डेड मॅन वॉकिंग’ हा टिम रॉबिन्स यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन चित्रपट १९९५ साली आला. सिस्टर हेलन प्रेजाँ या लुइझियाना राज्यातील कॅथलिक जोगिणीने १९९३ साली लिहिलेल्या अनुभवकथनावर तो आधारलेला आहे. देहदंड झालेल्या कैद्याला त्याच्या शेवटच्या दिवसांत धर्माचा आधार देणारी व्यक्ती तिथल्या तुरुंगात नेमली जाते. हेलन ते काम पत्करते. कैदी मॅथ्यू पाँसलेट याने एका साथीदारासह एका तरुण जोडप्याचा खून केला आहे, त्यातल्या मुलीवर बलात्कार झाला आहे. सारे साथीदाराने केले, मी नुसता हजर होतो, असे तो शेवटच्या रात्रीपर्यंत सांगत राहतो. दयेचा अर्ज फेटाळला जातो. शेवटच्या तासांत तो खरे बोलतो, रडतो, मृतांच्या पालकांची क्षमा मागतो आणि विषारी इंजेक्शनने मारला जातो. हेलनच्या भूमिकेसाठी सुझान सरँडन यांना ऑस्कर मिळाले. शॉन पेन यांनी मॅथ्यू उभा केला आहे.

हा चित्रपट जुना आहे, परका आहे, ख्रिस्ती श्रद्धेच्या चौकटीतला आहे. तरीही नगर जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाने तो पाहावा असे मला वाटते. या जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे आणि याच जिल्ह्यात खर्डा आणि कोपर्डी आहेत. माणसाला उपदेशाने सुधारता येते असे सांगणारे गाव आणि माणसाला फासावर लटकवा असे सांगणारी गावे एकाच नकाशावर आहेत. त्यांचे एकमेकांशी काय नाते आहे, हा माझा प्रश्न आहे.

२

प्रथम चित्रपटाचे जे खरे सामर्थ्य आहे ते मान्य केले पाहिजे. फाशीविरोधी कलाकृतींची एक सोपी वाट असते. आरोपी निर्दोष दाखवायचा, किंवा निदान गोंडस दाखवायचा, म्हणजे प्रेक्षकाचे अश्रू आपोआप वाहतात. रॉबिन्स यांनी ही वाट टाळली आहे. मॅथ्यू खुनी आहे, खोटारडा आहे, उद्धट आहे. तो गोऱ्यांच्या वंशश्रेष्ठत्वाचा अभिमान बाळगतो आणि मुलाखतीत हिटलरची स्तुती करतो. प्रेक्षकाला तो आवडावा अशी सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. त्याच्या मृत्यूच्या दृश्यात त्याने केलेल्या खुनाची दृश्ये मिसळलेली आहेत. एका मरणाची दया वाटू लागते न लागते तोच दुसरी दोन मरणे समोर येतात. ही प्रामाणिक मांडणी आहे.

दुसरे सामर्थ्य त्याहून मोठे आहे. हेलन केवळ कोठडीत जात नाही. ती मृतांच्या घरीही जाते. उशिरा जाते, आणि तुम्ही आधी आमच्याकडे का आला नाहीत असे मुलाचा बाप तिला सुनावतो. मुलीच्या आईबापांना आधी वाटते की ही आपल्या बाजूला आली. ती खुन्याची साथ सोडणार नाही हे कळताच ते तिला घराबाहेर काढतात. ती अपमान गिळते आणि दोन्ही घरांचे दुःख आपले मानत राहते. उपदेशक म्हणवणाऱ्याला अशी दोन्हीकडून हाकलून घेण्याची तयारी लागते, ही जाणीव आपल्या साहित्यात आणि चळवळीतही दुर्मिळ आहे.

पण याच ठिकाणी चित्रपटाची मर्यादाही सुरू होते. हेलन ज्या वस्तीत राहते आणि काम करते ती न्यू ऑर्लिन्समधली काळ्या गरिबांची वस्ती आहे. काळ्यांचा तिरस्कार करणाऱ्या माणसासाठी ही बाई धावपळ करते, याचे त्या वस्तीला काय वाटते? चित्रपटात ही नाराजी ओझरती येते आणि विरून जाते. वस्ती पार्श्वभूमी राहते. पाँसलेट हे पात्र प्रत्यक्षातल्या दोन गोऱ्या कैद्यांवरून बेतले आहे, त्यामुळे तो गोरा असणे खोटे नाही. परंतु अमेरिकेतील देहदंडाचा इतिहास मुख्यतः काळ्या माणसाच्या देहावर लिहिला गेला आहे, आणि देहदंडावरचा एवढा गाजलेला चित्रपट तो इतिहास बाजूला ठेवून पूर्ण होऊ शकतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९८७ साली मॅक्लेस्की या काळ्या कैद्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर होता. जॉर्जिया राज्यातील दोन हजारांवर खुनांच्या अभ्यासातून असे दिसले होते की, मृत व्यक्ती गोरी असेल तर आरोपीला देहदंड होण्याचा संभव, मृत व्यक्ती काळी असण्याच्या मानाने ४.३ पट असतो. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की या आकड्यांवरून या विशिष्ट आरोपीवर अन्याय झाला हे सिद्ध होत नाही. पुढे १९९१ साली मॅक्लेस्कीला देहदंड दिला गेला.

चित्रपटात एक वकील दया मंडळापुढे सांगतो की देहदंडाच्या कोठडीत श्रीमंत माणूस सापडणार नाही. वाक्य खरे आहे. पण ते वाक्यच राहते, कथानक होत नाही. कथानक होते ते एका आत्म्याच्या उद्धाराचे. मॅथ्यूने खरे बोलावे, अपराध पत्करावा, म्हणजे तो माणूस म्हणून मरेल. माझा आक्षेप येथे आहे. या साऱ्या खटाटोपात अपराधाची कबुली एकट्या मॅथ्यूकडून मागितली जाते. त्याला घडवणाऱ्या दारिद्र्याकडून, वंशद्वेष शिकवणाऱ्या समाजाकडून, मध्यरात्री त्याच्या नसेत विष सोडणाऱ्या शासनाकडून कोणी कबुली मागत नाही. शेवटच्या दृश्यात हेलन आणि मृत मुलाचा बाप प्रार्थनेला बसलेले दिसतात. दृश्य हृद्य आहे. पण त्या प्रार्थनामंदिरात दोनच माणसे आहेत. बाकीचे गाव कुठे आहे?

३

गाव कुठे आहे, हा प्रश्न आपल्याकडच्या उपदेशाच्या परंपरेलाही विचारला पाहिजे. महाराष्ट्र ही संतांची भूमी म्हणवते. येथे अपराध्याला उपदेश कोणी केला, कोणाला केला आणि कोणत्या अधिकाराने केला?

मरणाच्या दारातील माणसाला आध्यात्मिक उपदेश करण्याचा आपल्याकडचा सर्वांत ठळक प्रसंग १९४९ सालचा आहे. नथुराम गोडसे अंबाल्याच्या तुरुंगात होता. गांधीजींचे चिरंजीव रामदास गांधी यांनी त्याला पत्र लिहिले आणि पश्चात्तापाचे आवाहन केले. विनोबा भावे आणि किशोरलाल मशरूवाला यांच्यासह त्याला भेटण्याचा विचारही पुढे आला. ती भेट झाली नाही. रामदास आणि मणिलाल या दोघा मुलांनी आपल्या बापाच्या मारेकऱ्याची फाशी रद्द व्हावी अशी मागणी केली होती. सरकारने ती मानली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी फाशी झाली. बापाच्या खुन्याचा जीव वाचावा असे म्हणणाऱ्या मुलांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबरच एक साधी गोष्ट नोंदवली पाहिजे. कैदी शिकलेला, उच्चवर्णीय, स्वतःच्या कृत्याचे तत्त्वज्ञान मांडणारा असेल तर त्याच्या आत्म्याशी वाद घालायला ऋषितुल्य माणसे तयार होतात. त्याला आत्मा आहे हे गृहीत असते. पारध्याच्या, मांगाच्या, वडाराच्या पोराला फाशी होते तेव्हा त्याच्या आत्म्याची चौकशी करायला कोण निघते?

दुसरे उदाहरण चित्रपटाचे आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला. कथा ग. दि. माडगूळकर यांची. तिच्यामागे औंध संस्थानातील खऱ्या प्रयोगाची प्रेरणा होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली सुरू झाली, तिथे गजांशिवाय आणि बेड्यांशिवाय कैदी शेती करत. चित्रपटात एक जेलर सहा खुन्यांना माळरानावर नेतो आणि कष्ट, प्रार्थना आणि विश्वास यांच्या बळावर त्यांना माणसांत आणतो. त्या काळात खुन्याविषयी असा विचार पडद्यावर आणणे धाडसाचे होते. पण त्या चित्रपटाचे नावच पाहा. दोन डोळे जेलरचे आहेत, बारा हात कैद्यांचे आहेत. कैद्यांना डोळे नाहीत, जेलरला हात नाहीत. एकाने पाहायचे आणि इतरांनी राबायचे. जेलर मरतो तरी त्याचे डोळे त्यांच्यावर रोखलेले राहतात. सुधारणा म्हणजे कोणीतरी वरून सतत पाहत आहे या भावनेत जगणे, असा त्याचा अर्थ होतो. श्रमाची आणि नजरेची ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. तिला आपण वर्णव्यवस्था म्हणतो.

तिसरे उदाहरण राळेगणसिद्धीचे. पारनेर तालुक्यातील या दुष्काळी गावाने १९७५ नंतर जे पाणी अडवले, जी जमीन ओलिताखाली आणली, जी दारू हटवली, ते काम खोटे नाही. दलितांच्या डोक्यावरचे कर्ज फिटावे म्हणून गावाने त्यांच्या रानात श्रमदान केले, हेही नोंदलेले आहे. पण त्याच गावात सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्याला देवळाजवळच्या खांबाला बांधून फटके मारले जात. अण्णा हजारे यांनी ही गोष्ट लपवली नाही; आजारी लेकराला आई कडू औषध देते, तसे ते होते असे तिचे समर्थनही झाले. गावात प्रत्येक जातीने आपापले काम करावे म्हणजे गाव स्वावलंबी होते, अशी त्यांची मांडणी अभ्यासक मुकुल शर्मा यांनी नोंदवली आहे. पुढे २०११ च्या आंदोलनात भ्रष्टाचाऱ्यांना फाशी द्या, असेही तेच म्हणाले. मला यात विसंगती दिसत नाही. देऊळ, खांब आणि फास ही एकाच विचाराची चढती पायरी आहे. जो उपदेश करतो त्याच्याच हातात पट्टा असेल, तर उपदेश न ऐकणाऱ्यासाठी शेवटी दोरच उरतो.

हेलन प्रेजाँचे वेगळेपण या तिन्ही उदाहरणांशेजारी ठेवले की स्पष्ट होते. तिच्या हातात पट्टा नाही, तुरुंगाची किल्ली नाही, तिच्यामागे कोणाची गादी नाही. तुरुंगाचा अधिकृत पाद्री तिला सांगतो की कैद्याकडून संस्कार उरकून घेणे एवढेच तुझे काम. ती ते मानत नाही. ती कैद्याच्या शेजारी उभी राहते, त्याच्या डोक्यावर नाही. उपदेशाची लायकी उपदेशकाच्या पवित्र्यावरून ठरते, हे या चित्रपटातून घेण्यासारखे आहे.

४

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अहिल्यानगर असे नाव आता झाले असले तरी येथे घडलेल्या या घटना अहमदनगर जिल्ह्याच्या नावावर नोंदलेल्या आहेत, आणि त्या तशाच लक्षात ठेवल्या पाहिजेत.

१ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यात सोनई येथे मेहतर समाजाच्या तीन तरुणांचा खून झाला. कारण एवढेच की त्यांतल्या एकाचे वरच्या जातीतील मुलीवर प्रेम होते. संडासाच्या टाकीची सफाई करायची आहे असे सांगून त्यांना बोलावण्यात आले. जातीने दिलेल्या कामाचेच आमिष करून माणसे मारली गेली. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित शाळकरी मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारहाण करून ठार केले गेले. त्या काळात कार्यकर्त्यांनी नगर हा दलित अत्याचारग्रस्त जिल्हा म्हणून जाहीर करा, अशी मागणी केली. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यात कोपर्डी येथे एका अल्पवयीन मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा अमानुष खून करण्यात आला. आरोपी तिघे दलित होते.

कोपर्डीच्या गुन्ह्याला कोणताही ‘पण’ जोडता येणार नाही. त्या मुलीच्या आईबापांचे दुःख आपल्या दुःखाहून कमी प्रतीचे नाही. ज्या चळवळीला हे म्हणता येत नसेल तिने समतेचे नाव घेऊ नये. परंतु त्यानंतर महाराष्ट्रभर निघालेल्या लाखोंच्या मूक मोर्चांत आरोपींना फाशी द्या ही मागणी आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदला ही मागणी एकाच निवेदनात आली. तीन आरोपींचा अपराध संपूर्ण समाजाच्या संरक्षणाच्या कायद्यावर लादला गेला. अपराध्याला एकटा धरण्याऐवजी त्याची जात धरली गेली.

पुढचा क्रम तारखांसह पाहावा. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने खर्डा प्रकरणातील आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्यानंतर सहाव्या दिवशी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, नगरच्याच सत्र न्यायालयाने कोपर्डीच्या तिन्ही आरोपींना फाशी सुनावली. दोन खटल्यांतला पुरावा वेगळा होता, कायद्याने निकाल वेगळे लागू शकतात, हे मला कळते. न्यायाधीशांच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही. मी गावाविषयी बोलतो आहे. एका खटल्यात गाव साक्षीला उभे राहिले. दुसऱ्या खटल्यात भर दिवसा घडलेले गावाने पाहिले नव्हते. त्या आठवड्यात माझ्या वर्गात जामखेडची आणि कर्जतची मुले बसली होती. दोन्ही बाकांवर गप्पपणा होता, आणि तो एका प्रकारचा नव्हता.

पुढे २० जानेवारी २०१८ रोजी सोनई प्रकरणात नाशिकच्या न्यायालयाने सहा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. हा खटला जिल्ह्याबाहेर हलवावा लागला होता. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा न्याय मिळाल्याचे समाधान वाटले, आणि ते स्वाभाविक होते. मराठा आरोपींनाही फाशी होऊ शकते हे दिसले. पण समाधान ओसरल्यावर विचारावे असा प्रश्न उरतो. दोर कोणाच्याही गळ्यात पडला असेल. त्यामुळे कोणत्या गावाची वेस हलली? कोणत्या गावात दलित मुलाने सवर्ण मुलीशी बोलणे सुरक्षित झाले? सहा माणसांना फाशी सुनावून, ज्या जातिभावनेने ती सहा माणसे घडवली तिला निर्दोष सोडण्यात आले. खैरलांजीतही तेच झाले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, परंतु गुन्हा जातीय द्वेषातून घडला हे मानले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली, तेव्हाही जात मान्य झाली नाही. आपण फाशी रद्द झाली म्हणून संतापलो. जात नाकारली गेली यावर तेवढे संतापलो का? खटल्यातून जात वगळून मिळालेली फाशी ही व्यवस्थेला परवडणारी गोष्ट आहे. माणूस मरतो, व्यवस्था शाबूत राहते.

आणि कोपर्डीचे काय झाले? सप्टेंबर २०२३ मध्ये तिघांपैकी एक जण येरवड्याच्या कोठडीत गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला. शासनाचा दोर तयार व्हायच्या आधी त्याने स्वतःचा केला. त्या सहा-सात वर्षांत त्याच्याशी कोणी बोलले का? त्याने त्या मुलीच्या आईबापांसमोर कधी मान खाली घातली असती का? त्यांना ते ऐकायचे तरी होते का? हे प्रश्न विचारणारी हेलन आपल्याकडे नव्हती. संतांच्या भूमीतून येरवड्याच्या त्या कोठडीपर्यंत जाणारी वाट कोणी पाडलेली नाही.

५

चित्रपटाच्या गाभ्यातील एक गृहीतक आपल्या वास्तवावर घासून पाहिले पाहिजे. मॅथ्यूचा उद्धार होतो, कारण तो खरोखर अपराधी आहे. त्याच्याजवळ कबूल करण्यासारखे काही आहे. ज्याच्याजवळ ते नाही त्याने काय करावे?

नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका शेतकरी कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा जणांना पकडले. खालच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. त्यांना खोटे गुंतवण्यात आले होते असे म्हटले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास शासनाला सांगितले. सोळा वर्षे ती माणसे आत होती. या सहा जणांच्या कोठडीत कोणी सज्जन उपदेशक गेला असता आणि म्हणाला असता, बाळा, मरणापूर्वी खरे बोल, मन हलके कर, तर काय झाले असते? ते खरेच बोलत होते. खोटे बोलणारे कोठडीच्या बाहेर होते, गणवेशात होते. उपदेशाची गरज त्यांना होती.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली देशातील फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण देशभरात २४.५ टक्के होते. महाराष्ट्रात ते निम्मे होते. आपण फलकावर ‘फाशी द्या’ लिहितो, तेव्हा हा दोर सरासरीने कोणाच्या गळ्याच्या मापाचा वळला जातो हे आपल्याला माहीत असायला हवे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कर्त्यांनाही हे भय माहीत होते. खोटी साक्ष देऊन अनुसूचित जाती-जमातीच्या निर्दोष माणसाला फासावर चढवणाऱ्यालाच त्या कायद्याने फाशी सांगितली आहे. भय खरे होते. पण त्यावरचा उपाय म्हणून कायद्याला पुन्हा दोरच सुचावा, हे आपल्या सर्वांच्या कल्पनाशक्तीचे दारिद्र्य आहे.

बाबासाहेबांची कल्पनाशक्ती दोरापाशी थांबली नव्हती. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या अपिलांचा प्रश्न निघाला. तेव्हा ते म्हणाले की, सर्वोच्च न्यायालयाला असा अधिकार देण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण अधिक पाठिंबा देऊ. हा देश आचरणात नसला तरी तत्त्व म्हणून अहिंसा मानतो, तेव्हा त्याने तेवढे करणे योग्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपण बाबासाहेबांची जयंती करतो, त्यांची ही भूमिका मात्र मोर्चात घेऊन जात नाही.

आणि त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अंगुलिमालाची कथा घेतली, ती सहज घेतलेली नाही. पाली सुत्तात प्रसेनजित राजा पाचशे घोडेस्वार घेऊन अंगुलिमालाला मारायला निघतो. बुद्ध त्याच्या आधी पोहोचलेला असतो. फरक येथे आहे. हेलन पोहोचते तेव्हा तारीख ठरलेली असते. तिचा उपदेश माणसाला नीट मरायला शिकवतो. बुद्धाचा उपदेश माणसाला नीट जगायला लावतो. तो अंगुलिमालाला भिक्षापात्र देऊन लोकांत पाठवतो. लोक दगड मारतात, डोके फुटते, रक्त वाहते. बुद्ध म्हणतो, सहन कर. ही शिक्षाच आहे, पण माणसांत राहून भोगायची आहे. राजाच्या तलवारीला तिथे काम उरत नाही आणि लोकांनाही अंगुलिमालाकडे रोज पाहावे लागते. या कथेत गाव गैरहजर नाही.

म्हणून या चित्रपटाच्या निमित्ताने मला आपल्या चळवळीपुढे ठेवायचे आहे ते इतकेच. ‘फाशी द्या’ ही मागणी शासनाला फार स्वस्त पडते. ती मान्य केली की शासनाची सुटका होते आणि गावाचीही. त्यापेक्षा महाग पडतील अशा मागण्या आपण मागितल्या पाहिजेत. महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. तो खर्ड्यासारख्या गावातल्या साक्षीदाराच्या दारापर्यंत पोहोचला पाहिजे. प्रत्येक अत्याचाराच्या खटल्यात जात हा हेतू म्हणून नोंदला गेला पाहिजे. फाशी देण्यापूर्वी आरोपीचा सारा जीवनवृत्तान्त न्यायालयाने मागवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. ते गरीब आरोपीच्या बाबतीत खरोखर होते का, हे आपल्या वकिलांनी आणि विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे. आरोपी आपला असो वा आपल्या माणसांना मारणारा असो, ही तपासणी सारख्याच कसोशीने झाली पाहिजे. तसे करताना आपलेच लोक आपल्याला घराबाहेर काढतील. हेलनलाही काढले होते.

उपदेश करायचाच असेल तर तो कोठडीत जाऊन करण्यापूर्वी चावडीवर करावा. खर्ड्याला ज्यांनी पाहिले आणि न्यायालयात सांगितले नाही, त्यांच्यापाशी कबूल करण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांना फाशी नको, फटकेही नकोत. त्यांनी खरे बोलावे, एवढेच पुरेसे आहे. ज्या दिवशी एखादे गाव आपल्या जातीविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहील, त्या दिवशी आपल्या फलकावरचे ते दोन शब्द आपल्यालाच अनावश्यक वाटू लागतील.